देणगी : मिळालेली आणि दिलेली

(हा एपिसोडचा लेखी मजकूर. ऑडिओतलं अडखळणं आणि मधेच आलेली कुकरची शिट्टी काढून टाकलीये, बाकी बोललो तसंच ठेवलंय. इयरफोन जवळ नसतील तर वाचा.)

नमस्कार मंडळी. आज 'मंडळी' हा शब्द दोन्ही अर्थांनी. तुम्ही ऐकणारे, ती एक मंडळी. आणि मराठी ख्रिस्ती माणसं चर्चमध्ये एकत्र जमणाऱ्या समुदायाला जे म्हणतात, ती दुसरी. मी या दुसऱ्या मंडळीत वाढलो, बल्लारपुरात. आता पुण्यात बसून कोड लिहितो आणि वर्षातून दोनदा घरी जातो.

गेल्या महिन्यात आपल्याच भागातल्या एका श्रोतीची व्हॉइस नोट आली. तिच्या मंडळीत हार्वेस्टचा सण झाला. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पीक हाती आलं की घरच्या शेतातलं काहीतरी आणून वेदीपाशी ठेवायचं: धानाच्या लोंब्या, पपई, वाल, अंडी, कधी जिवंत कोंबडी. उपासना संपली की अंगणात त्या वस्तूंचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. फार मजेचा कार्यक्रम असतो, खरंच. तर तिच्याकडे यंदा एक भोपळा अडीच हजारांना गेला. घेणाऱ्या काकांचं नाव माईकवरून तीनदा पुकारलं, शाल दिली, ग्रुपवर फोटो आला. आणि तिची एक मावशी आहे. कुणी दवाखान्यात असलं की रात्रभर उशाशी बसणारी, कुणाच्या घरी मयत झाली की सगळ्यांच्या आधी पोचणारी, प्रार्थनेला उभी राहिली की बाकीचे गप्प होतात अशी. वीस वर्षं हे चाललंय, आणि तिचं नाव माईकवरून कधीच आलेलं नाही. मुलीचा प्रश्न सरळ होता: दादा, आत्म्याची दानं पैशापेक्षा मोठी असं आपण शिकतो, मग शाल भोपळ्याला कशी?

मी तो प्रश्न चार दिवस डोक्यात घेऊन फिरलो. सोपा नाहीये तो. आधी एक शब्द बघू, कारण निम्मी गोष्ट आपल्या भाषेतच पडलेली आहे.

'देणगी.' आपण म्हणतो, त्याला आवाजाची देणगी आहे. आणि आपणच म्हणतो, त्याने मंदिराला, शाळेला, चर्चला पाच हजारांची देणगी दिली. शब्द एकच, दिशा उलट्या. पहिली माणसाला मिळालेली असते, दुसरी त्याने दिलेली. पहिलीची पावती नसते, दुसरीची असते. मराठी बायबलमध्ये पहिल्या प्रकारासाठी 'कृपादान' हा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्द 'खरिस्मा', त्यात 'खरिस' म्हणजे कृपा. इंग्रजीत एखाद्या नटाला 'कॅरिस्मा' आहे म्हणतात ना, तोच शब्द फिरून फिरून आलेला. मुळात त्याचा अर्थ रुबाब असा नव्हता. कमावलेलं नाही, फुकट मिळालंय, एवढाच अर्थ होता.

हा शब्द सगळ्यात जास्त वापरला पौलाने. करिंथच्या मंडळीला त्याने इसवी सन ५० नंतरच्या काही वर्षांत पत्र लिहिलं, त्यातले बारा ते चौदा हे अध्याय कृपादानांवर आहेत. करिंथ कसं गाव होतं ते कळलं की पत्र वेगळंच वाचलं जातं. रोमनांनी जुनं करिंथ इसवी सनपूर्व १४६ मध्ये उद्ध्वस्त केलं. शंभर वर्षांनी ज्युलियस सीझरने ते पुन्हा वसवलं. दोन समुद्रांच्या मधली अरुंद पट्टी, दोन बंदरं, माल इकडून तिकडे. वसायला आलेल्यांत गुलामीतून सुटलेले पुष्कळ. म्हणजे जुने खानदानी जमीनदार कमी आणि नवा पैसा भरपूर. अशा गावात तुम्ही कोण आहात हे दाखवावं लागतं. बोर्डावर नाव लागतं.

ते मंडळीतही शिरलं. अकराव्या अध्यायात पौल एका जेवणाबद्दल चिडलाय. मंडळी एकत्र जेवायला जमायची, तर पोटभरू लोक आधी येऊन खाऊन-पिऊन घ्यायचे आणि कामावरून सुटून उशिरा पोचलेले गरीब उपाशी राहायचे. आणि लगेच पुढचा अध्याय कृपादानांचा. हा क्रम बहुतेक प्रवचनांत सुटतो. कृपादानांबद्दल बोलताना आपण थेट चमत्कारांवर उडी मारतो, पण पौलाच्या पत्रात त्या विषयाच्या आधी ताटांचा विषय आहे.

आणि अजून एक. करिंथकरांनी कृपादानांचंही पैशासारखंच करून टाकलं होतं. मला अन्य भाषा बोलता येतात, तुला नाही, म्हणजे मी वरचा. पौलाचं उत्तर शरीराच्या उदाहरणाने येतं. डोळा हाताला नको म्हणू शकत नाही, आणि जे अवयव दुबळे वाटतात तेच जास्त गरजेचे असतात. मग चौदाव्या अध्यायात तो जवळजवळ हिशोबच मांडतो, की मंडळीत कुणाला न समजणाऱ्या हजारो शब्दांपेक्षा समजणारे पाचच शब्द तो पसंत करेल. का? कारण त्याची कसोटी एकच आहे, दुसऱ्याच्या उपयोगाला आलं का. मधला तेरावा अध्याय प्रेमाचा, जो लग्नांत वाचतात. तो लग्नासाठी लिहिलेला नव्हता. या भांडणाच्या मधोमध टाकलेला होता.

आता माझ्या धंद्यातली एक गंमत. बाराव्या अध्यायाच्या शेवटी पौल कृपादानांची यादी देतो. त्यात आरोग्य देणं आहे, भाषा आहेत, आणि त्याच रांगेत दोन अगदी साधी कामं आहेत: मदत करणं आणि व्यवस्था पाहणं. व्यवस्थेसाठीचा ग्रीक शब्द 'कुबेर्नेसिस'. कुबेर नाही हं, कुबेर्नेसिस! त्याचा अर्थ सुकाणू धरणं. आम्ही सर्व्हरवरचे कंटेनर सांभाळायला जे 'कुबरनेटीस' वापरतो ना, ते नाव त्याच मुळातून आलंय, नावाडी या अर्थाने. रोज ऑफिसमध्ये हा शब्द ऐकतो आणि दर वेळी मला आमच्या मंडळीतले ते गृहस्थ आठवतात, जे खुर्च्या मोजतात, पंखे लावतात, पाऊस आला की सतरंज्या गुंडाळतात. पौलाच्या यादीत ते आरोग्यदान करणाऱ्यांच्या शेजारी बसतात.

बरं, हे झालं करिंथचं. आपल्याकडे कधी असं घडलंय का, की ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांच्याकडची दानं खरोखर मोठी धरली गेली? घडलंय. आणि त्याचा एक धागा आपल्या बाजूने जातो.

पंडिता रमाबाई तुम्हाला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतील. संस्कृत पंडिता, विधवांसाठी शारदा सदन, ते १८८९ साली मुंबईत सुरू झालं. पुढचं सहसा पुस्तकात नसतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रांतातच होता. त्या नेमक्या कुठल्या गावांत फिरल्या यात मी शिरत नाही, पण त्या प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि बायका आणल्या. स्वतः रमाबाईंनी तरुणपणी आई, वडील आणि थोरली बहीण उपासमारीच्या काळात गमावली होती. दुष्काळात मुलीचं काय होतं हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुण्याजवळ केडगावला त्यांनी जमीन घेतली होती, तिथे 'मुक्ती' उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड हजाराच्या वर गेली.

जरा डोळ्यांसमोर आणा. दीड हजार बायका-मुली. अनाथ, विधवा, टाकलेल्या. अनेकींना स्वतःचं वय माहीत नाही. बँकेच्या भाषेत यांची नेटवर्थ शून्य.

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना विचारलं, रोज प्रार्थनेला कोण बसेल. सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या, आणि दिवसातून दोनदा बसू लागल्या. जूनच्या शेवटी एका रात्री एका मुलीला असा अनुभव आला की तिच्या सोबतिणीला ती पेटल्यासारखी दिसली. ही सोबतीण पाण्याची बादली घेऊन विझवायला धावली आणि ओतणार तेवढ्यात तिला कळलं, आग नाहीये. मिनी अब्राम्स नावाच्या अमेरिकन बाई रमाबाईंच्या सहकारी होत्या, त्यांनी हे लिहून ठेवलंय. मला त्या बादलीचं फार कौतुक वाटतं. तुमचा दिव्य अनुभवांवर विश्वास असो नसो, बादली घेऊन धावणारी मुलगी खोटी वाटत नाही.

त्यानंतर महिनोन्‌महिने मुक्तीत रडणं, कबुली, गाणं, मोठमोठ्याने प्रार्थना. काही मुली अन्य भाषांत बोलू लागल्याच्या नोंदी आहेत. जगभरातले पेंटेकॉस्टल लोक आपली सुरुवात लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटपासून धरतात, ते १९०६ च्या एप्रिलमध्ये. केडगाव त्याच्या आधीचं आहे. मिनी अब्राम्सची पुस्तिका त्यांच्या एका मैत्रिणीमार्फत दक्षिण अमेरिकेत चिलीला पोचली आणि तिथल्या १९०९ च्या जागृतीला तिचा हातभार लागला. दुष्काळात अनाथ झालेल्या मुलींच्या प्रार्थनेची बातमी चिलीत वाचली गेली. त्या काळात, जहाजाने.

पण मला इथे थांबायचंय ते रमाबाईंच्या निवाड्याजवळ. एवढं सगळं घडत असताना त्यांनी अन्य भाषा बोलणं ही सगळ्यांसाठी सक्तीची खूण मानली नाही. त्यांचं लक्ष वागणुकीत काय बदललं याकडे होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय? त्याच मुली विहिरीवर, मागावर, तेलघाण्यावर, शेतात, छापखान्यात. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबलचा अनुवाद केला. त्याचे खिळे जुळवण्यापासून छापण्यापर्यंत काम मुक्तीतल्या बायकांनी केलं. रमाबाई १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या, छापलेलं पूर्ण पुस्तक १९२४ मध्ये आलं.

पैशाचं काय? रमाबाई पैशाला नाक मुरडणाऱ्या नव्हत्या. अमेरिकेत फिरून त्यांनी निधी उभा केला होता, १८८७ साली बॉस्टनमध्ये त्यांच्या नावाची संस्था निघाली आणि तिने दहा वर्षांची हमी दिली. पण मुक्ती वाढत गेली तसा त्यांचा आधार बदलला. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांनी ठरलेल्या उत्पन्नाशिवाय, प्रार्थनेच्या भरवशावर अनाथालयं चालवली होती. रमाबाईंनी तो आदर्श घेतला. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या, भरवशावर चालवणं म्हणजे हिशोब न ठेवणं नव्हे. येईल ते जेवणात, कापडात, कागदात जात होतं, आणि गेलेलं दिसत होतं.

आता कडवट भाग. पैसा आणि विश्वास एकत्र आला की आपल्या लोकांना एक जुना टोमणा ऐकावा लागतो. "पैशासाठी बाटले." शाळेत मलाही कुणीतरी विचारलं होतं, तुझ्या आजोबांना किती मिळाले रे? आपल्या दोन जिल्ह्यांत ख्रिस्ती एक टक्क्याहूनही कमी आहेत. स्कॉटिश एपिस्कोपल मिशन एकोणिसाव्या शतकात चांद्यात आलं. त्या वाटेची चर्चेस पुढे २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आली. १९६२ साली चांद्याचा भाग केरळच्या सिरो-मलबार कॅथलिकांकडे मिशन म्हणून सोपवला गेला, १९७७ साली तो धर्मप्रांत झाला, त्याचं कॅथेड्रल आमच्या बल्लारपुरात आहे. शिवाय घरोघरी जमणारे छोटे गट आहेत. एवढ्याशा समाजात बाहेरून आलेला प्रत्येक रुपया दिसतो. शाळा, दवाखाना, वसतिगृह सगळ्यांनी वापरलं, तरी संशय उरतो.

या टोमण्याला उत्तर खुद्द बायबलमध्येच आहे, आणि ते दोन्ही बाजूंना लागतं. प्रेषितांच्या कृत्यांत शिमोन नावाचा जादूगार आहे. प्रेषितांनी डोक्यावर हात ठेवला की लोकांना आत्मा मिळतो हे बघून त्याने पैसे काढले. मलाही ही पॉवर द्या, बोला किती? पेत्राने त्याला असा झापला की युरोपात पुढे चर्चची पदं विकण्याच्या गुन्ह्याला शिमोनाचंच नाव पडलं. म्हणजे देवाचं दान विकत घेता येत नाही. याचीच दुसरी बाजू, माणसाचा विश्वासही विकत घेता येत नाही. लालूच दाखवून मंडळी वाढवणारा आणि पैसे मोजून आशीर्वाद मागणारा, दोघेही शिमोनाचे भाऊ.

आणि आज शिमोन कुठे आहे? तुमच्या फोनमध्ये. रील येते: बीज पेरा, शंभरपट मिळेल, खाली क्यूआर कोड. ही कल्पना इथली नाही. अमेरिकेत ओरल रॉबर्ट्स नावाच्या टीव्ही प्रचारकाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती लोकप्रिय केली. देवाला पेरणी समजून पैसे द्या, पीक येईल. शेतकऱ्याच्या पोरांना पेरणीची भाषा पटकन लागते, म्हणून ती इथे जास्त चालते असं मला वाटतं. पण ज्याने धान पेरलंय त्याला हेही माहीत असतं की पाऊस ऑर्डर करता येत नाही. सूरजागडचं लोखंड निघालंय, कोनसरीला स्टील प्लांट आलाय, कुणाच्या घरी पहिल्यांदाच चारचाकी आलीये, कुणाची जमीन गेलीये. अशा वेळी 'पैसा म्हणजे देव खूश' हे ऐकायला फार गोड लागतं. मग ज्याची जमीन गेली, त्याच्यावर देव नाराज? या प्रश्नाशी ती रील येत नाही.

एक गोष्ट इथेच बोलून टाकतो, कारण यात जीव जातात. आरोग्यदानाच्या नावाखाली कुणी गोळ्या बंद करायला सांगत असेल, तर ऐकू नका. आपल्या भागात सिकलसेल आहे, मलेरिया आहे. प्रार्थना करा, जरूर करा, आणि गोळ्या चालू ठेवा. चमत्काराचा दावा करून पैसे उकळणं आणि लोकांना फसवणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, तो कुठल्याही धर्माच्या बाबाला लागतो.

पैशाच्या या टोमण्याने आयुष्यभर पाठलाग केलेला आणखी एक माणूस म्हणजे रेव्हरंड टिळक. नारायण वामन टिळक, कवी. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका परक्या सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा. नंतर अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम. आजही मराठी चर्चमध्ये रविवारी जी गाणी म्हणतो, त्यातली कितीतरी त्यांची आहेत. पण मिशनचा पगार त्यांना टोचत राहिला. देशी माणसांनी देशी पद्धतीने, स्वतःच्या हिमतीवर ख्रिस्ताच्या मागे जावं असं त्यांना वाटायचं, आणि परक्या पैशावर पोसलेला माणूस हे कुठल्या तोंडाने सांगणार? १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली. साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही. दोनच वर्षं मिळाली त्यांना, ९ मे १९१९ ला ते गेले.

इथे बहुतेक लोक टाळ्या वाजवून थांबतात. मला मात्र 'स्मृतिचित्रे' वाचल्यापासून थांबता येत नाही. कारण एकाने पैसा सोडला की घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी चूल पेटवावीच लागते. लक्ष्मीबाईंनी त्या पुस्तकात नवऱ्याच्या उदारपणाचे असे काही किस्से सांगितलेत की हसू येतं आणि पाठोपाठ पोटात गोळा येतो. टिळक हातात असेल ते देऊन टाकायचे, घरात सतत दुसऱ्यांची पोरं वाढायची, आणि महिन्याची जुळवाजुळव लक्ष्मीबाईंकडे. आध्यात्मिक दान भौतिक संपत्तीपेक्षा मोठं, मान्य. पण ते मोठेपण कुणाच्या जिवावर चाललंय हेही विचारायला हवं. आपल्या मंडळ्यांत 'प्रभूच्या कामाला' वाहून घेतलेले पुरुष दिसतात, आणि त्यांच्या मागे कुठेतरी शिवणकाम करून फी भरणारी बायको असते. पौलाच्या यादीत 'मदत करणं' आहे म्हणालो ना, ते मला इथे दिसतं.

आता परत शालीकडे. काकांना शाल का मिळाली? काका वाईट आहेत म्हणून नाही. उदारपणे देणं हेही पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात कृपादान म्हणूनच मोजलंय. अडीच हजारांचा भोपळा ही पण एक देणगी, आणि कुणी सांगावं, काकांनी मनापासून घेतला असेल. शाल मिळाली कारण अडीच हजार मोजता येतात. एवढंच. आमच्या ऑफिसातही हेच होतं. डॅशबोर्डवर जे दिसतं ते महत्त्वाचं ठरतं. कुणी किती कोड लिहिला ते दिसतं, कुणी नव्या पोराला शांतपणे बसून शिकवलं ते दिसत नाही. मंडळीचा वार्षिक अहवाल म्हणजे असाच डॅशबोर्ड: अर्पण इतकं, दशांश इतका, बांधकाम निधी इतका. मावशीच्या रात्रींचा रकाना त्यात नाही.

मग रकाना काढायचा? मला वाटतं, नको. चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ साली एक गोष्ट मांडली, ती साध्या भाषेत अशी: कुठलंही माप तुम्ही ध्येय केलंत की ते चांगलं माप राहत नाही. उद्या तुम्ही 'वर्षात सर्वाधिक आजाऱ्यांना भेट' अशी ढाल ठेवलीत, तर परवा लोक सलाईनसोबत सेल्फी काढायला लागतील. मावशीला शाल देऊन प्रश्न सुटत नाही. ती शाल घेऊन लाजून घरी जाईल, फार तर.

त्यापेक्षा मला आमच्याकडची एक चाचणी बरी वाटते. तिला आम्ही थोडं क्रूरपणे 'बस फॅक्टर' म्हणतो. टीममधलं कोण उद्या बसखाली आलं तर काम ठप्प होईल? मंडळीत हाच प्रश्न जरा सौम्यपणे विचारा. काका तीन रविवार आले नाहीत तर काय अडेल? पंख्याची दुरुस्ती लांबेल कदाचित. आणि मावशी तीन आठवडे आली नाही तर? दवाखान्यात कुणीतरी रात्री एकटं पडेल. पौलाचं दुबळ्या अवयवांबद्दलचं बोलणं मला या चाचणीसारखंच वाचता येतं. याचं उत्तर एकदा कळलं की कामं बदलतात, आणि तीच खरी किंमत. मावशी कमिटीत हवी, कारण कुणाच्या घरी काय चाललंय हे तिला माहीत असतं आणि मदतीचा पैसा कुठे जायला हवा हे तिच्याइतकं कुणाला कळणार नाही. तिचा दवाखान्यापर्यंतचा ऑटोचा खर्च बांधकाम निधीच्या आधी निघायला हवा. आणि तिच्यासोबत रात्री बसायला एखादी तरुण मुलगी हवी. हे काम बघून बघूनच शिकता येतं, त्याचा ऑनलाइन कोर्स नाही. व्हॉइस नोटवाल्या ताई, हे तुझ्याकडे बघून म्हणतोय.

बसण्याच्या जागेबद्दलही याकोबाने आपल्या पत्रात लिहून ठेवलंय. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला पुढे बसवायचं आणि मळक्या कपड्यांतल्याला 'तिकडे उभा राहा' म्हणायचं, हे तेव्हाही चालायचं. आमच्याकडे प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, त्यामुळे पुढची रांग ओळखायला अंगठी लागत नाही. गाद्या लावलेल्या चार खुर्च्या तिथे असतात. पुढच्या हार्वेस्टला त्या चार खुर्च्यांचाच लिलाव करून टाकावा असं मी कमिटीतल्या एका मित्राला सुचवलंय. तो हसला. नाही म्हणाला नाहीये अजून.

जाता जाता लक्ष्मीबाईंचं एक राहिलं. टिळकांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावर 'ख्रिस्तायन' नावाचं महाकाव्य लिहायला घेतलं होतं. दहाएक अध्याय झाले आणि ते गेले. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, अक्षर-ओळख लग्नानंतर टिळकांनी करून दिलेली, आणि जोडाक्षरांशी त्यांचं शेवटपर्यंत फारसं जमलं नाही. पुढचे चौसष्ट अध्याय त्यांनी लिहिले.

व्हॉइस नोट पाठवत राहा. पुढच्या वेळी भेटू.